किलोबाई

नोकरीवर रुजू व्हायला गेलो त्या दिवशी माझं स्वागत कुणी केलं नाही. वजन मात्र केलं.

लोणंदला रेल्वेतून उतरून, दोन गाड्या बदलून माण तालुक्यातल्या त्या गावी पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांत, कानांत आणि कुलूप लावलेल्या ट्रंकेतसुद्धा धूळ गेली होती. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात पाय ठेवला तर समोर पांढऱ्या साडीतली एक काटकुळी, सावळी, चाळिशीची बाई उभी. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कोपऱ्यातल्या काट्याकडं बोट केलं.

"चढा."

"मी नवीन क्लार्क. सांगलीहून..."

"ते कळलं. ट्रंक खाली ठेवा, चपला काढा, चढा."

मी चढलो. सरकारी नोकरीतला तो माझा पहिला हुकूम होता, आणि तो पाळायचा असतो एवढंच मला माहीत होतं. बाईनं काट्याच्या दांडीवरचं वजन इकडून तिकडं सरकवलं, वाकून पाहिलं.

"बावन्न किलो तीनशे. सरकारनं माणूस पाठवलाय का नुसता अर्ज?"

मग आत वळून ओरडली, "चहा आणा रे यांना. दीडशे मिलिलिटर!"

ही नर्स भागीरथी खरात. गावात या नावानं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. गाव त्यांना किलोबाई म्हणायचं. तोंडावर 'बाई', पाठ फिरली की 'किलोबाई'. मीही आठवड्याभरात तेच म्हणायला लागलो. मला ही बाई पहिल्या दिवशी आवडली नाही, दुसऱ्या दिवशी त्याहून कमी आवडली, आणि पुढचं वर्षभर मी हा क्रम नेटानं चालू ठेवला.

साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. देशात दशमान पद्धत आली होती. म्हणजे कायद्यात आली होती. माणात यायला तिला वाहन मिळत नव्हतं. मी माधवनगरचा. वडील तिथल्या एका गिरणीत कापडाच्या घड्या घालण्याच्या खात्यात. तिकडं वाराचा मीटर झाला तेव्हा वडील घरी येऊन एवढंच म्हणाले, "पट्टी लांब झाली, हात तेवढेच राहिले." आमच्या घरात दशमान पद्धतीवर झालेली ही एकमेव चर्चा. शेर जाऊन किलो आला, याचा इतका आनंद एखाद्याला होऊ शकतो हे मी भागीरथीबाईंना पाहीपर्यंत मला खरं वाटलं नसतं. त्या किलो हा शब्द असा उच्चारायच्या की जणू तो त्यांच्या माहेरचा माणूस.

"आकडा बोला," हे त्यांचं पालुपद. "थोडंसं दुखतंय" म्हटलं की "आकडा बोला." "पुष्कळ दिवस झाले" म्हटलं की "आकडा बोला." चिमूटभर, मूठभर, पसाभर, वाटीभर, हे शब्द कानावर पडले की बाईंच्या कपाळावर आठी चढायची. "मेल्यांनो, मूठ कुणाची? तुझी का भीमाची?" एकदा मी डॉक्टरांना सहज म्हणालो, माझ्या आईची प्रकृती तोळामासा असते. बाई पलीकडच्या खोलीतून म्हणाल्या, "तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅम. एवढ्या वजनाची आई मी पाहिली नाही. आणा एकदा."

आता अशा माणसाशी काय बोलायचं?

बाजारच्या दिवशी केंद्रात गर्दी व्हायची ती रोग्यांची नव्हे, तोलून घ्यायला आलेल्यांची. फुकट मिळतं म्हटल्यावर माणदेशी माणूस वजनसुद्धा सोडत नाही. एकदा गावचा पैलवान आला. मिशांना पीळ, मागं चार भक्त. "बाई, हिकडं बगा, अडीच मणाचा गडी हाय. काटा मोडला तर बोलायचं न्हाई."

बाईंनी दांडीवरचं वजन सरकवलं. "अठ्ठ्याहत्तर."

"म्हंजी किती मण?"

"दोन मणाच्या थोडं वर."

"आवं, आसं कसं हुईल? समदं गाव म्हनतंय अडीच मण!"

"मग गावाला उचलून आण. काट्यानं तुझं एकट्याचं सांगितलं."

पैलवान पुढं दोन महिने त्या रस्त्यानं गेला नाही.

दुसऱ्या एका गड्याची गोष्ट. बायको अडलीय म्हणून तो बाईंना बोलवायला आला. किती लांब, विचारलं, तर म्हणाला, "हे काय, चिलीम ओढंस्तवर जाल." बाई त्याच्याबरोबर चालत गेल्या. आपलं एक पाऊल सत्तर सेंटिमीटरचं, हे त्यांनी दोरीनं मोजून ठेवलेलं होतं, आणि त्या चालताना पावलं मोजायच्या. त्यामुळं त्यांच्याबरोबर जाणाऱ्याला रस्ताभर मुकं राहावं लागे. बाळंतपण सुखरूप झालं. निघताना त्यांनी नव्या बापाला विचारलं, "काय रं, तुझ्या चिलमीत तंबाखू किती किलो मावतो? साडेनऊ किलोमीटर चालले मी." परत आल्यावर त्यांनी तांबडी काव घेतली आणि व्हरांड्याच्या भिंतीवर आसपासच्या वाड्यावस्त्यांची नावं आणि पुढं किलोमीटर, असा तक्ताच लिहून काढला. भिंत नुकतीच चुना दिलेली होती. तिची जबाबदारी माझ्याकडं होती. मी लेखी हरकत नोंदवली. बाईंनी ती वाचली, घडी घातली, आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल मात्र तेव्हापासून डगमगलं नाही, हे मान्य केलं पाहिजे.

बाईंचा हा छंद कुठंच आपटला नाही असं नाही. एकदा आपटला, आणि मला मनापासून बरं वाटलं. थर्मामीटरवर ताप एकशे चार दिसत होता. बाईंनी कागदावर गुणाकार-भागाकार केले आणि म्हाताऱ्या रोग्याच्या मुलाला गंभीरपणे सांगितलं, "चाळीस आहे."

मुलाचा चेहरा खुलला. "चाळीसच? निम्माबी न्हाई की! चला आबा, उठा, पेरणीची पाभर धरायची हाय."

आबा उठून चालायला लागले. डॉक्टरांनी फाटकाजवळ गाठून त्यांना परत आणलं. बाई म्हणाल्या, "त्याला शंभर समजतात, चाळीस समजत नाहीत, हा दोष माझा का?" तरी त्या दिवसापासून ताप तेवढा त्यांनी जुन्या मापात ठेवला. बाकी कशातही माघार नाही.

वाण्याशी त्यांचं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. बाईंनी किलोभर साखर मागितली. वाण्यानं पोत्याआडून एक जुनं, काळपट वजन काढून पारड्यात टाकलं. बाईंनी ते उचलून उलटं केलं.

"हा शेर आहे."

"आवं बाई, शेर काय न् किलो काय, भाऊभाऊच की!"

"असतील. पण थोरल्याचं नाव सांगून तुम्ही धाकट्याला उभं केलंय. सदुसष्ट ग्रॅम कमी. घाला."

"येवड्याश्या साखरंसाटी बाई..."

"एवढीशी? तीस गिऱ्हाइकं झाली की तुमच्या घरात दोन किलो साखर फुकट. तिचा शिरा तुम्ही खाता, आणि मधुमेह बघायला मी येते."

सदुसष्ट ग्रॅम घेतल्याशिवाय बाई ओट्यावरून उतरल्या नाहीत. मागं उभ्या असलेल्या सात-आठ बायका सगळं ऐकत होत्या. त्या दिवसापासून त्या दुकानात पोत्याआडचं वजन दिसलं नाही.

वाटेत मी म्हणालो, "बाई, मूठभर साखरेसाठी अर्धा तास?"

मूठभर हा शब्द मी मुद्दाम वापरला होता. पण बाई चिडल्या नाहीत.

"माझी आई सुगीला खळ्यावर धान्य आणायला जायची. दिवसभर राबल्याचं. सगळ्यांना एकच मापटं. वरच्या आळीच्या बायकांना शीग लावून द्यायचे, आईच्या मापट्यावरनं हात फिरवायचे. सपाट. आई म्हणायची, मापटं तेच हाय की गं, मग आपलंच पोतं कसं लवकर रिकामं हुतं? कारकून, किलोवर कुणाला हात फिरवता येत नाही. एवढं समजलं तरी पुरे."

बाईंच्या घराण्यानं बौद्ध धर्म घेतल्याला काही वर्षं झाली होती. गावाला ते कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्यांनी मला एकदा जेवायला बोलावलं तेव्हा त्यांच्या दारात शिरण्याआधी मी रस्त्यावर दोन्हीकडं पाहून घेतलं होतं. बाईंच्या वजनमापांची थट्टा करणारा मी तो हाच. भाकऱ्या उत्तम होत्या. प्रत्येकी एकशे वीस ग्रॅम.

खळ्याची ती गोष्ट ऐकल्यावर मला वाटलं, बाईंचं कोडं सुटलं. मला माणसं पटकन कळतात असा माझा तेव्हा समज होता.

त्यांचा सगळ्यांत मोठा लढा होता तान्ह्या पोरांच्या वजनाचा. मुलांसाठी पाळण्यासारख्या पारड्याचा वेगळा काटा होता. बाया पोर द्यायच्या नाहीत. "तोललं की पोर झुरतं, बाई." बाई म्हणायच्या, "न तोललेली काय तालमीत घुमतायत?" काहींना खरी अडचण बाईंच्या हाताची होती. बाईंना ते समजायचं. मग त्या दोन पावलं मागं सरून, हात पाठीशी बांधून म्हणायच्या, "मी शिवत नाही. तुम्हीच ठेवा पारड्यात. पारड्याला जात नाही." पोर पारड्यात आलं की मात्र सगळं विसरून त्या वाकायच्या, आणि वजन कमी भरलं की आईवर तोफ. "दोनशे ग्रॅम कमी! कुठं सांडलंस?" आई रडकुंडीला यायची. पुढच्या महिन्यात तीच आई वजन वाढलं म्हणून दोन अंडी पदराखाली घेऊन यायची. बाई ती अंडी काट्यावर ठेवायच्या, आकडा सांगायच्या आणि परत करायच्या.

आमचे डॉक्टर निवृत्तीला आलेले. जुन्या काळी शिकलेले; औषध लिहायचं ते ग्रेनमध्ये आणि औंसात. बाईंनी जिल्ह्याच्या ठिकाणी अर्जावर अर्ज करून औषधाच्या छोट्या काट्यासाठी ग्रॅमची नवी वजनं मिळवली, आणि जुनी ग्रेनची वजनं डबीत घालून आपल्या कपाटात कोंडली. किल्ली कमरेला.

"बाई, माझी वजनं द्या," डॉक्टर गयावया करायचे.

"हिशोब करून ग्रॅममध्ये द्या. भिंतीवर कोष्टक लावलंय."

डॉक्टरांनी शेवटपर्यंत ग्रेन लिहिला. कंपाउंडर बिचारा कोष्टकात बघून त्याचा ग्रॅम करायचा. गाडी अशी चालली होती.

एके दिवशी कंपाउंडर बहिणीच्या लग्नाला गेला. बाई वाडीवर. केंद्रात डॉक्टर आणि मी. सकाळी धनगरवस्तीवरची हौसा नावाची एक बाई दीड-दोन वर्षांचं पोर घेऊन आली. पोराला तापात झटका आला होता. डॉक्टरांनी पोर तपासलं, ताप उतरवला, सुई दिली, दोन तास ठेवून घेतलं. झटका परत आला नाही. तेवढ्यात त्यांना दहिवडीहून बोलावणं आलं, जीप दारात. जीपमध्ये एक पाय ठेवून त्यांनी मला चिठ्ठी दिली. "या बरणीतल्या पावडरीच्या तीन पुड्या बांधून दे तिला. रोज दिवेलागणीला एक. चिठ्ठीत लिहिलंय तसं. जमेल ना?"

"हो, साहेब."

न जमायला काय झालं? वर्षभर बाईंनी माझ्या डोक्यात ग्रॅमशिवाय काही राहू दिलं नव्हतं. चिठ्ठीत इंग्रजीत अर्धा आणि पुढं 'जीआर' अशी दोन अक्षरं होती. मी नवी चकचकीत वजनं काढली. श्वास रोखून तोललं. अर्ध्या ग्रॅमच्या तीन पुड्या, सुबक घड्या. आपलं काम पाहून मला स्वतःचंच कौतुक वाटलं. हौसा पुड्या कनवटीला लावून गेली.

साडेचार वाजता बाई परतल्या. मी आपण होऊन सांगायला गेलो. खरं तर मिरवायला गेलो.

"बाई, आज तुमचं काम मी केलं. तीन पुड्या. अर्धा ग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम, केसाचा फरक नाही."

"कशाच्या पुड्या?"

मी बरणी दाखवली. बाईंनी हात पुढं केला. "चिठ्ठी."

चिठ्ठी त्यांनी एकदाच वाचली.

"कारकून, हा ग्रॅम नाही. हा ग्रेन."

"म्हणजे किती?"

"तुम्ही पंधरापट दिलंय. झोपेचं औषध आहे हे. पोर झोपेल ते झोपेल."

मला वाटलं आता बाई बोलतील. वजनावरून, पगारावरून, माझ्या सांगलीवरून. पण त्यांनी भिंतीकडं पाहिलं. तक्त्यात लिहिलं होतं : धनगरवस्ती, ११.

"किती वाजता गेली?"

"एक वाजता."

"सायकल काढा."

बाई कॅरिअरवर बसल्या आणि गावानं तो देखावा डोळे भरून पाहिला. कुणीतरी ओरडलंही, "क्लार्कसायेब, काट्यावर न्या, काट्यावर!" चार किलोमीटरवर बाभळीचा काटा लागला आणि पुढचं चाक बसलं. मी उतरून चाकाकडं बघत होतो तोवर बाई पदर खोचून पळत सुटल्या होत्या. मी सायकल तिथंच टाकली आणि त्यांच्या मागं धावलो. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी बाई, पण मला ती शेवटपर्यंत गाठता आली नाही. मधेच दम लागून त्या थांबत, चालत, पुन्हा धावत. त्या सात किलोमीटरांत बाईंच्या तोंडून एकही आकडा निघाला नाही.

वस्तीवर पोचलो तेव्हा मेंढरं वाड्यात आली होती आणि खोपीत रॉकेलची चिमणी लागली होती. हौसाची सासू भिंतीला टेकून बसली होती. पोर तिच्या मांडीवर. डोळे मिटलेले.

"पुडी दिली?" बाईंनी दारातूनच विचारलं.

"दिली की," हौसा म्हणाली. "आत्ताच."

बाई आत येऊन पोराजवळ बसल्या.

"सगळी?"

उत्तर म्हातारीनं दिलं. "न्हाई वो बाई. पुडी सोडली तर ही येवडी! पोर केवडं न् पुडी केवडी! म्या म्हनलं, ह्ये सरकारी माप मोठ्या मानसाचं आसंल, सुनंनं ऐकन्यात चूक केली. चिमटीच्या शेंड्यावर वाईच घेतलं न् दुधातनं चाटवलं. चुकलं का वो माजं?"

चिमटीच्या शेंड्यावर! गेलं वर्षभर ज्या मापाचा बाईंनी उठता-बसता उद्धार केला होता, ते माप समोर बसून विचारत होतं, चुकलं का.

बाईंनी उरलेल्या पुड्या मागून घेतल्या. मग पोराला आपल्या मांडीवर घेतलं. म्हातारीनं ते दिलं. हाताचा विचार त्या वेळी कुणाच्याच मनात आला नाही. पोराच्या छातीवर हात ठेवून बाई घड्याळात बघत श्वास मोजू लागल्या. मी बाहेर मेंढरांच्या वाड्याशी जाऊन बसलो. आत जायला मला तोंड नव्हतं.

पहाटे पोरानं डोळे उघडले. आधी टकामका पाहिलं, मग अनोळखी मांडी बघून वस्ती जागी होईल असं भोकाड पसरलं. मी धावत आत गेलो. बाई त्याला रडू देत होत्या. एवढं मोठं रडणं त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग पोर हौसाकडं दिलं आणि म्हातारीचा उजवा हात आपल्या हातात घेतला. अंगठा आणि शेजारचं बोट. मेंढ्या वळून, दोऱ्या वळून राकट झालेली बोटं. बाई ती बघत राहिल्या.

म्हातारी अवघडली. "काय बगता बाई? लागलंय का काय?"

"न्हाई," बाई म्हणाल्या. एवढंच.

परतीच्या वाटेवर आदल्या दिवशी टाकलेली पंक्चर सायकल मिळाली; ती ढकलत आम्ही पुढं निघालो. ऊन अजून कोवळं होतं. मी मनाशी वाक्यं जुळवत होतो. शेवटी म्हणालो, "बाई, साहेबांना मीच सांगतो. चूक माझी."

"निम्मी तुमची. जुनी वजनं मी कोंडली. तुमच्या डोक्यात ग्रॅम मी भरला. साहेबांना दोघं मिळून सांगू. आणि ते चिठ्ठीत आता 'ग्रेन' असं अख्खं मराठीत लिहितील, नाहीतर मी त्यांच्या दारात बसेन." हे त्यांच्या नेहमीच्या आवाजात होतं. मला थोडा धीर आला.

अर्धा किलोमीटर गेलो असू. मग अचानक बोलू लागल्या, आणि बोलता बोलता त्यांची केंद्रातली भाषा गळून पडली.

"मला एक लेक हुती. नर्स होण्याच्या आधीची गोष्ट. दोन महिन्यांची. लय रडायची. मी रस्त्याच्या खडीवर कामाला जायची; तिला झाडाखाली टाकावं लागायचं. सासू म्हणाली, अफू देत जा. सगळ्याच द्यायच्या तवा. मोहरीएवढी दे, म्हणाली. मी दिली. माझ्या हातानं दिली." मग त्यांनी विचारलं, "मोहरी केवढी असती, कारकून?"

मी सायकल खड्ड्यातून बाहेर काढली.

"दुपारी भाकरी खायला आले तर झोपलेली. बरोबरच्या बाया म्हणाल्या, बघ कशी गुणाची, आज चूं न्हाई की चां न्हाई. मीबी म्हणलं, झोपू दे. भाकरी खाऊन परत खडी फोडाय गेले."

सायकलच्या बसलेल्या चाकाचा फटफट आवाज होत होता. तो बंद व्हावा असं मला वाटलं, पण थांबायचं धाडसही झालं नाही.

"म्हातारीनं काल तिच्या बोटांनी पोर वाचवलं," बाई म्हणाल्या. "माझ्या बोटांना ते का कळलं न्हाई, येवढंच मी बघत हुते."

जे पहिलं सुचलं ते मी विचारलं. "नाव काय होतं तिचं?"

"बारसं व्हायचं हुतं. तिचा बाप मुंबईला. त्याला रजा मिळंना, म्हणून थांबलो हुतो. तो आला तवा..." त्यांनी हात हवेत नुसता हलवला. आणखी दहा-वीस पावलं गेल्यावर म्हणाल्या, "मी मनात एक ठरवलं हुतं. आजवर कुणाला सांगितलं न्हाई. कुणी विचारलंच न्हाई."

मी सायकल थांबवली. बाई थांबल्या नाहीत. पुढं बघत, चालता चालता त्यांनी ते नाव सांगितलं, इतक्या हळू की मला दोन पावलं धावून ते ऐकावं लागलं. ते मी इथं लिहीत नाही.

"छान आहे," मी म्हणालो.

बाईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. बारशाला आलेल्या पाहुण्याकडं आई बघते, तसं.

"व्हय ना?" म्हणाल्या.